यादीतली शेवटची ट्यूब

भारतातून कोणी येणार असलं की इथे सनीव्हेलमध्ये यादी तयार होते. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, मुलांसाठी मराठी पुस्तकं. एल कॅमिनो रिअलवरच्या भारतीय दुकानांत आता यातलं बरंच काही मिळतं, पण घरच्या भाजणीची सर त्याला नाही. आणि यादीच्या शेवटी, जरा संकोचत, एक ओळ असते : "ती खाजेची ट्यूब दोन-तीन आणाल का?" आज मला त्या ओळीबद्दलच लिहायचं आहे.

ट्यूब का मागवली जाते, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मिळायला कित्येक आठवडे लागतात. काही विम्यांमध्ये आधी घरच्या डॉक्टरला, म्हणजे प्रायमरी केअरला दाखवावं लागतं आणि मग पुढची चिठ्ठी मिळते. बिल किती येईल ते आल्याशिवाय कळत नाही. त्यापेक्षा पुण्यातल्या मेडिकलमधली ट्यूब स्वस्त, ओळखीची आणि लावल्या लावल्या आराम देणारी. गडबड आहे ती या "लावल्या लावल्या" मध्येच.

माझ्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. त्याच्या कमरेवर, पट्ट्याच्या जागी, गोल चट्टा उठला. आपल्याकडे ज्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतात, तो. घरात ट्यूब होतीच. चार दिवसांत खाज थांबली, लाली गेली, त्याने ट्यूब बंद केली. पंधरा दिवसांनी चट्टा परत आला, या वेळी जरा मोठा. परत ट्यूब, परत आराम. असं सात-आठ महिने चाललं. मग मांड्यांवर, मग बायकोच्या हातावर आणि शेवटी दोन वर्षांच्या लेकीच्या गालावर चट्टा दिसला, तेव्हा मंडळी डॉक्टरकडे गेली. तोवर त्याच्या चट्ट्यांचा आकार इतका विस्कटला होता, की डॉक्टरला तो आधी एक्झिमा वाटला. कातडीचा थोडा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा बुरशी दिसली.

मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटर इंजिनीअर आहे. पण लेबल वाचायची सवय आहे. त्याच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत चार औषधं लिहिली होती : ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन आणि क्लोबेटासोल. पहिली दोन जंतूंवरची. तिसरं बुरशीवरचं. चौथं क्लोबेटासोल, म्हणजे स्टेरॉइड, आणि त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात तीव्र गटातलं. चार दिवसांत जो आराम पडतो, तो मुख्यतः या चौथ्याचा.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, प्रोग्राम चुकतोय म्हणून स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर येत असेल आणि आपण एरर दाखवणंच बंद केलं, तर स्क्रीन स्वच्छ दिसते. बग मात्र आत तसाच चालू राहतो. लाली, सूज, खाज ही शरीराची बुरशीविरुद्धची धडपड असते. स्टेरॉइड ती धडपडच दाबतं. बुरशीला मग रान मोकळं. डॉक्टरी पुस्तकांत या अवस्थेला 'टिनिया इन्कॉग्निटो' असं नाव आहे, म्हणजे वेष पालटलेलं गजकर्ण.

ही फक्त एका घराची गोष्ट असती तर लिहिलं नसतं. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात गजकर्णाचं रूपच बदललं. पूर्वी दोन-चार आठवडे मलम लावून जाणारा आजार महिनोन् महिने टिकू लागला, घरातल्या सगळ्यांना होऊ लागला. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी वेगळं नाव दिलं : ट्रायकोफायटन इंडोटिनिए. नावातला 'इंडो' आपलाच. या बुरशीच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन, म्हणजे गजकर्णावरचं नेहमीचं औषध, नीट चालत नाही. ते औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमवर नेम धरतं, त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. ही बुरशी फोफावण्यामागे स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे एक मोठं कारण असावं, असं त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. या बुरशीच्या अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या त्या पहिल्या केसेस. त्यातली एक बाई बांगलादेशात जाऊन आली होती, दुसरी तर देशाबाहेर गेलेलीच नव्हती. म्हणजे बुरशीला व्हिसा लागत नाही. इथल्या सगळ्याच डॉक्टरांना ती ओळखीची असेल असं नाही. म्हणून भारतातून जाऊन आलो असू, किंवा तिकडून कोणी घरी राहून गेलं असेल, तर ते आपणहून सांगायला हवं. टर्बिनाफिनने गुण येत नसेल तर डॉक्टर बहुतेक वेळा इट्राकोनाझोलकडे वळतात. ते गोळ्यांचं औषध आहे, काही आठवडे घ्यावं लागतं आणि इतर औषधांशी त्याचं पटत नाही. ते कोणाच्या सामानातून मागवायचं औषध नव्हे.

भारतात यावर काहीच झालं नाही, असंही नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, मग न्यायालयीन वाद होऊन २०१८ मध्ये ३२८ वर. त्यात अशी काही मलमंही होती. त्याच वर्षी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असाही नियम आला. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना तर कितीतरी वर्षं याविरुद्ध मोहीम चालवते आहे. पण नियम कागदावर आणि गल्लीतलं मेडिकल गल्लीत. "काका, खाजेवर काहीतरी द्या" म्हटलं की ट्यूब हातात येते.

हीच ट्यूब चेहऱ्यावर गेली की दुसरी कथा सुरू होते. स्टेरॉइडने त्वचा काही दिवस उजळ दिसते, म्हणून वांगावर, मुरुमांवर, कधी नुसतंच गोरं दिसायला ती लावली जाते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ उठतं, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते. थांबवलं की आग होते, म्हणून परत लावावं लागतं. भारतीय डॉक्टरांनी या चेहऱ्याला नावच दिलं आहे : स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. लेबल नसलेल्या गोरेपणाच्या क्रीमची गोष्ट याहून भयंकर. अकोल्यात एका कॉलेजच्या मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला अशाच क्रीमनंतर मूत्रपिंडाचा विकार झाला आणि मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाल्यावर क्रीममधला पारा उघडकीस आला. इकडे कॅलिफोर्नियातही २०१९ मध्ये सॅक्रामेंटोची एक बाई पारा मिसळलेल्या क्रीममुळे कोमात गेली. तेही क्रीम सामानातूनच, मेक्सिकोहून, आलेलं.

स्टेरॉइड म्हणजे विष, असा मात्र याचा अर्थ नाही. मुलांच्या एक्झिमाला, सोरायसिसला योग्य ताकदीचं, ठरलेल्या दिवसांपुरतं स्टेरॉइड हेच बहुतेक वेळा पहिलं औषध असतं, आणि घाबरून ते न लावल्यानेही मुलं रात्र रात्र खाजवत बसतात. अमेरिकेत तरी सगळं शहाणपण आहे, असंही नाही. बुरशीचं औषध आणि बेटामेथासोन एकत्र असलेलं मलम इथेही चिठ्ठीवर मिळतं आणि ते टाळा असं इथलेही त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. फरक इतकाच, की चिठ्ठीशिवाय इथे फक्त एक टक्क्यापर्यंतचं सौम्य हायड्रोकॉर्टिझोन मिळतं.

तर करायचं काय? लेबलवर 'सोन' किंवा 'सोल'ने संपणारं नाव दिसलं, उदाहरणार्थ बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर ते स्टेरॉइड समजून आधी विचारा. (क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल ही 'झोल'वाली नावं वेगळी, ती बुरशीवरची.) साधं, नवं गजकर्ण असेल तर नुसतं क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनचं मलम इथल्या कुठल्याही फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतं. ते दिसेनासं झाल्यावरही पाकिटावर लिहिलेले दिवस पूर्ण करा. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल, पसरत असेल, किंवा लहान मूल असेल तर डॉक्टर गाठा. बऱ्याच ठिकाणी ॲपवरून फोटो पाठवता येतो, त्याने वाट पाहणं कमी होतं. जाताना ती ट्यूब बरोबर न्या, लपवू नका. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली तपकिरी किंवा जांभळट दिसते, हेही सांगा. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात, आणि घरात ज्यांना चट्टे आहेत त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी. बरं झाल्यावर राहणारा काळा डाग हा रोग नव्हे. तो महिन्यांनी फिकट होतो, त्यासाठी परत ट्यूब उघडायची नाही. आणि चेहऱ्यावर महिनोन् महिने स्टेरॉइड लावलं गेलं असेल तर एकदम न सोडता डॉक्टरच्या सल्ल्याने कमी करा.

मित्राच्या घरी तिघांचाही उपचार एकत्र झाला. लेकीचा गाल महिनाभरात स्वच्छ झाला, त्याच्या कमरेला मात्र बरेच महिने लागले.

हा लेख तिकडे वाचणाऱ्या आई-बाबांना, मावशी-काकांना एक विनंती. तुम्ही प्रेमापोटी सामानात सगळं भरता, आम्ही मागितलं की नाही म्हणत नाही. यापुढे ट्यूब मागितली तर पहिल्यांदा विचारा, "डॉक्टरला दाखवलंस का?" आणि ट्यूबच्या जागी भाजणीची आणखी एक पिशवी टाका. ती इथे कधीच पुरत नाही.