बरगडी शाबूत, फुप्फुस जखमी

दुचाकीवर वडिलांच्या पुढे बसलेले मूल हे चेन्नईच्या अण्णा सालईवर जितके नेहमीचे दृश्य, तितकेच पुण्या-नागपुरातही. अपघातात त्याची छाती हँडलवर आदळते. अंगावर जेमतेम खरचटलेले असते, एक्स-रेत बरगड्या शाबूत दिसतात. तरीही फुप्फुसाला जबर मार लागलेला असू शकतो. मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. त्या मोडण्याऐवजी वाकतात आणि आघाताचा जोर आतल्या अवयवांवर जातो. म्हणूनच लहान मुलाची बरगडी मोडलेली आढळली, की अनुभवी डॉक्टर अधिकच धास्तावतो. रक्तदाबही फसवा. बराच रक्तस्राव होईपर्यंत तो टिकतो आणि मग एकाएकी कोसळतो.

अशा रुग्णापुढचा पहिला अडसर, म्हणजे आगाऊ रकमेचा, तामिळनाडूने डिसेंबर 2021 मध्ये दूर केला. ‘इन्नुयिर काप्पोम – नम्मै काक्कुम 48’ या योजनेत जखमी कोणत्या राज्याचा, त्याचे उत्पन्न किती, हे न विचारता पहिल्या 48 तासांचे उपचार मोफत मिळतात. सुरुवातीची खर्चमर्यादा एक लाख रुपये होती. योजना स्तुत्यच आहे. अडचण आहे ती घड्याळाची. फुप्फुसाचा मुका मार पहिल्या 24 ते 48 तासांत वाढत जातो. म्हणजे मूल सर्वाधिक अत्यवस्थ असण्याच्या सुमारासच मुदत संपते. पुढे राज्याच्या विमा योजनेचे कार्ड असेल तर ठीक, नाही तर सरकारी रुग्णालयात हलवणे किंवा पदरचा खर्च. केंद्राच्या 2025 च्या रोकडरहित योजनेने सात दिवस आणि दीड लाखांची मर्यादा ठेवली. ती या आजाराच्या गतीशी अधिक जुळते.

पैशाइतकाच प्रश्न सामग्रीचा. छातीला मार लागलेल्या बहुतेक मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. प्राणवायू, वेदनाशमन, सतत निरीक्षण आणि छातीत हवा किंवा रक्त साचल्यास ते काढणारी नळी एवढ्यावर भागते. पण नळी मुलाच्या मापाची हवी आणि औषधाची मात्रा वजनानुसार. चेन्नईत एग्मोरचे सरकारी बालरुग्णालय आहे. महामार्गावरचे मूल मात्र आधी पोहोचते ते जवळच्या, मुख्यतः प्रौढांना सांभाळणाऱ्या रुग्णालयात. हवेचा दाब वाढून हृदय एका बाजूला ढकलले जात असेल, तर एग्मोर गाठण्याइतका वेळ नसतो. सुई तिथेच, त्याच क्षणी टोचावी लागते. योजनेत रुग्णालयांची नोंदणी करताना खाटांबरोबर या नळ्यांची आणि ती घालू शकणाऱ्या हातांचीही मोजदाद व्हावी, आणि ती यादी 108 च्या नियंत्रण कक्षाकडे असावी. महाराष्ट्रालाही हे लागू आहे.