लिलीपॉन्ड चूक दाखवतं, पण चूक तिथे नसते!



आमच्या शनिवार पेठेतलं गांधर्व महाविद्यालय १९३२ पासूनचं आहे. त्यामुळे सा रे ग म लिहिलेली वही इथे नवी नाही. मंद्र स्वराला खाली टिंब, तार स्वराला वर टिंब. म्हणजे गाणं अक्षरांत लिहिता येतं, हे आपल्याला माहीतच आहे.

लिलीपॉन्ड हे मोफत सॉफ्टवेअर असंच चालतं. आपण अक्षरं टाइप करायची, ते पाच रेघांवरचं पाश्चात्त्य नोटेशन छापून देतं. टिंबांऐवजी इथे स्वल्पविराम आणि एकेरी अवतरणचिन्ह.

स्नेहसंमेलनाला वर्गातली दोन मुलं कीबोर्ड वाजवणार होती, म्हणून मी गाणं लिहायला बसले. संदेश आला: ४० व्या ओळीत चूक. ती ओळ मी दहादा वाचली. बरोबरच होती! शेवटी सापडलं, १२ व्या ओळीत पुनरावृत्तीसाठी उघडलेला महिरपी कंस मी बंदच केला नव्हता.

असं का होतं? सॉफ्टवेअर वरून खाली वाचत जातं. कंस उघडा राहिला, तर पुढचे सगळे स्वर त्याला कंसातलेच वाटतात. फाइल संपली की मग ते अडतं. म्हणजे संदेशातली ओळ ही अडण्याची जागा असते. चूक तिथे किंवा तिच्या आधी शोधायची.

मला उपयोगी पडलेला क्रम असा:

१. सगळ्यात पहिला संदेश आधी बघा. त्यातला पहिला अंक ओळीचा, दुसरा त्या ओळीतल्या जागेचा. तेवढंच दुरुस्त करून पुन्हा चालवा. पुढच्या बऱ्याच चुका आपोआप जातात.

२. उघडलेले आणि बंद केलेले कंस मोजा.

३. कीबोर्ड मराठीवर राहिला नाही ना? मराठी ४ त्याला कळत नाही. दुसरीकडून कॉपी केलेलं वळणदार अवतरणचिन्हही चालत नाही, सरळच हवं.

४. आज्ञेआधीचा बॅकस्लॅश आणि लहान-मोठी इंग्रजी अक्षरं तपासा.

५. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी | ही उभी रेघ द्या. मात्रा कमी-जास्त झाल्या तर लगेच इशारा मिळतो.

६. तरीही सापडलं नाही, तर ओळींच्या सुरुवातीला % लावून थोडा थोडा भाग बाजूला ठेवा. कोणता भाग काढल्यावर गाडी चालते, ते बघा.

यातून मी स्वतः एक शिकले. बेरजेत शतकाचा अंक चुकला की मी तिथेच लाल फुली मारायची. खरी चूक एककाच्या घरात, विसरलेल्या हातच्यात असायची. मूल बिचारं शतकाकडे बघत बसायचं. आता मी विचारते, "बाळा, इथपर्यंत कसा आलास, ते सांग बरं." बहुतेक वेळा सांगता सांगता हातचा त्यालाच सापडतो.