किल्ल्याचा उकिरडा काय सांगतो?

बहरीनच्या एका टेकाडावर चार हजार वर्षं पहारे बसले आणि उठले. पहारेकऱ्यांनी खाल्लेलं, सांडलेलं आणि फोडलेलं मात्र तिथेच राहिलं.

जळून कोळसा झालेली खजुराची बी इतकी हलकी असते की तळहातावर ठेवली तरी जाणवत नाही. तिच्या पोटावरची लांबट खाच मात्र जशीच्या तशी दिसते. काल खाल्लेल्या खजुराची बी शेजारी ठेवली, तर रंगाखेरीज फारसा फरक सांगता येणार नाही. बहरीनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका टेकाडात अशा बिया मोठ्या प्रमाणात सापडल्या. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी या बेटावर बॅबिलोनच्या कासाइट राजांचा अंमल होता. त्यांच्या कारभाराच्या वाड्याला आग लागली आणि कोठारातला खजूर जागच्या जागी जळून गेला. त्या दिवशी ज्यांचं नुकसान झालं, त्यांच्यासाठी तो अनर्थच होता. आपल्यासाठी मात्र त्या आगीने एक कोठार जपून ठेवलं.

आग जपते कशी? फळ, धान्य, लाकूड कुजतं ते जंतू आणि बुरशी त्यावर जगतात म्हणून. पण हवा कमी मिळून बी धुमसत राहिली, तर तिचा कोळसा होतो आणि त्या कोळशात जंतूंना खाण्यासारखं काही उरत नाही. आकार टिकतो, कार्बनही टिकतो. मग किरणोत्सारी कार्बन मोजून तिचं वय काढता येतं. या कामाला तुळईपेक्षा बी बरी. तुळईचं लाकूड शे-दीडशे वर्षं वाढलेल्या झाडाच्या गाभ्यातलं असू शकतं, त्यामुळे वास्तू आहे त्यापेक्षा जुनी भासते. खजूर एका हंगामाचा असतो. त्याचं वय काढलं की त्या आगीच्या आसपासचा काळ हाती येतो.

या टेकाडाला कलात अल-बहरीन म्हणतात, म्हणजे बहरीनचा किल्ला. आपल्याकडे जुन्या गावठाणाच्या टेकाडाला ‘पांढरी’ म्हणतात, तशीच ही एक भली मोठी पांढरी आहे. लांबी सुमारे ६०० मीटर, रुंदी ३०० मीटर आणि उंची १२ मीटर. घर पडायचं, त्याच जागी नवं उभं राहायचं, राख आणि कचरा बाहेर पडायचा आणि जमीन वर वर सरकायची. इसवी सनापूर्वी सुमारे २३०० पासून इसवी सनाच्या सोळाव्या शतकापर्यंत इथे वस्ती होती. १९५० च्या दशकात पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश पथकाने इथे खोदकाम सुरू केलं. १९७० च्या दशकात फ्रेंच संशोधक आले आणि मोनिक केरव्रान यांनी किल्ल्यांचा अभ्यास हाती घेतला. आजवर या टेकाडाचा जेमतेम चौथा हिस्सा खणून झाला आहे. २००५ मध्ये त्याची नोंद जागतिक वारसा यादीत झाली आणि २००८ मध्ये शेजारीच संग्रहालय उभं राहिलं.

टेकाडाच्या माथ्यावर खंदक, भक्कम तटबंदी आणि बुरूज असलेला मोठा किल्ला आहे. लोक त्याला ‘पोर्तुगीज किल्ला’ म्हणतात. मूळ बांधकाम आखाताच्या तोंडाशी असलेल्या हॉर्मुझ बेटाच्या राज्यकर्त्यांच्या काळातलं. पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये बहरीन घेतलं आणि पुढे तोफांचा मारा सोसतील असे कोनाकृती बुरूज इथे उभे राहिले. १६०२ मध्ये इराणच्या फौजेने त्यांना हुसकावून लावलं. ही झाली तारखांची बखर. छावणीत दिवस कसा उजाडायचा आणि कसा मावळायचा, हे त्यातून कळत नाही.

१५२९ सालचीच गोष्ट घ्या. किल्लेदाराने बंड केलं म्हणून हॉर्मुझहून पोर्तुगीज आरमार चालून आलं. सेनापती होता सिमांव द कुन्हा, म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर नुनो द कुन्हाचा भाऊ. हाच तो नुनो, ज्याच्या कारकिर्दीत १५३४ मध्ये आपली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि जी सोडवायला १७३९ साल आणि चिमाजी आप्पा यावे लागले. बहरीनच्या तटापुढे मात्र या आरमाराची दारूच संपली. हॉर्मुझहून दारूगोळा येईपर्यंत सैन्य खजुराच्या बागांत तळ देऊन थांबलं आणि तापाने आडवं झालं. वेढा उठवावा लागला, सिमांवसुद्धा वाचला नाही. तीस वर्षांनी, १५५९ मध्ये, उस्मानी तुर्कांनी याच किल्ल्याला वेढा घातला. तेव्हाही रोगराईने दोन्ही बाजूंची माणसं पटापट मेली.

या तापाचं कारण बहुधा या बेटाच्या सुबत्तेतच होतं. भोवती वाळवंट असताना बहरीनमध्ये गोड्या पाण्याचे झरे होते, काही तर समुद्राच्या तळातून वर उसळायचे. झऱ्यांवर बागा पोसल्या, बागांतल्या पाटांत आणि डबक्यांत डास पोसले. विसाव्या शतकातल्या पाहणीत बहरीनमध्ये मलेरिया पसरवणारा डास म्हणून ॲनोफिलिस स्टीफेन्सायचं नाव पुढे आलं. मुंबईच्या इमारतींवरच्या उघड्या टाक्यांत वाढतो तोच हा डास. ज्या पाण्यामुळे किल्ला तगला, त्याच पाण्याने त्याचे वैरी मारले असणार. असा विचार करायचा तर तोफांच्या जोडीने पाट, विहिरी, रांजण, चुली आणि ताटात काय पडत होतं हेही पाहावं लागतं.

गुऱ्हाळासारखी खोली

ताटाचा शोध घेताना या टेकाडातली एक खोली फार बोलकी ठरते. तिची गिलावा केलेली जमीन सपाट नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत शेजारीशेजारी उंचवटे आणि मधे पन्हळी, जणू कुणी गिलावा ओला असताना त्यावरून मोठा फणा फिरवला असावा. सगळ्या पन्हळी किंचित उताराच्या. त्या एका आडव्या चरात उतरतात आणि चर जमिनीत पुरलेल्या रांजणाकडे जातो. अरबीत अशा खोलीला ‘मदबसा’ म्हणतात.

खजूर झावळ्यांच्या विणलेल्या पिशव्यांत भरून या उंचवट्यांवर थप्पीने रचायचा आणि दार लावून घ्यायचं. आखाती उन्हाळ्याची उष्णता आणि वरच्या पिशव्यांचा भार यांनी खालच्या खजुरातून पाक झिरपतो, पन्हळीतून वाहत रांजणात साचतो. हा ‘दिब्स’, म्हणजे खजुराची काकवीच. चूल नको, चरक नको. कासाइट काळातली इथली मदबसा आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या मदबसांपैकी एक आहे आणि हीच रीत पुढे शतकानुशतकं चालत राहिली.

दिब्स टिकतो कसा? त्यात साखर इतकी दाट असते की ती पाणी धरून ठेवते. जंतू त्यात पडला तर त्याच्याच पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो वाढूच शकत नाही. आपला मुरांबा वर्षभर टिकतो तो याच कारणाने. सुक्या खजुराच्या वजनातही निम्म्याहून खूप जास्त भाग साखरेचाच. शिजवायला सरपण लागत नाही, जहाजावर नेता येतो, वेढ्यात महिनोन्‌महिने पुरतो. शिबंदीला याहून सोयीचा शिधा या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

नाक्यावरची वजनं

मदबसापासून खाली, आणखी जुन्या थरांत उतरलं की चार हजार वर्षांपूर्वीच्या दिल्मुनच्या शहराचा तट लागतो. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर तांब्याच्या व्यापाराबरोबर ज्याचं नाव वारंवार येतं, ते हे दिल्मुन. या तटाच्या उत्तरेकडच्या वेशीपाशी डॅनिश पथकाला शिक्के आणि घासून गुळगुळीत केलेली छोटी दगडी वजनं सापडली. वजनं तोलून पाहिली तेव्हा ती थेट हडप्पा-मोहेंजोदडोच्या मापाशी जुळली. ते माप म्हणजे सुमारे १३.७ ग्रॅमचं एकक, मग त्याची दुप्पट, चौपट.

वेशीवर पहारा बसतो, तसाच जकातीचा नाकाही बसतो. बंदरातून आलेला माल इथे थांबवायचा, तोलायचा, शिक्का मारायचा आणि मगच आत सोडायचा. हे काम करणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. पण त्याच्या हातातलं माप सिंधूकाठचं होतं. अरबी समुद्राच्या दोन्ही तीरांवरचे व्यापारी एकाच तागडीवर विश्वास ठेवत होते, ही गोष्ट एखाद्या राजाच्या शिलालेखाने सांगितली नाही. मुठीत मावणाऱ्या दगडांनी सांगितली.

चाळणी आणि पाण्याची बादली

असल्या बारीक वस्तू हाती लागतात त्या उत्खननाच्या चिकाटीमुळे. पूर्वी कामगार घमेल्याने माती उपसत, डोळ्यांना दिसेल ते वेचत आणि बाकीचं ढिगाऱ्यावर टाकत. आता माती बारीक जाळीच्या चाळणीतून जाते आणि माशांचे टाचणीएवढे मणके वर राहतात. त्यावरून माशाची जात ओळखता येते, कधी आकारही. मग कळतं की मासा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातला होता की खोल समुद्रातला, म्हणजेच मासेमारी कशी चालत होती. काही माती पाण्यात सोडून ढवळतात. दगडमाती तळाशी बसते, जळालेल्या बिया तरंगून वर येतात आणि कापडावर गाळून घेतात. तांदूळ पाखडताना कोंडा वेगळा व्हावा, तशी ही निवड आहे.

शत्रू असते ती खारट वाळू. मिठातले क्लोराइड लोखंड आणि कांसं आतून पोखरतात. जमिनीतून काढलेला खिळा किंवा बाणाचं टोक हवेत ठेवलं तर काही महिन्यांत पापुद्रे सुटून भुगा होतो. म्हणून अशा वस्तू पाण्यात किंवा रासायनिक द्रावणात कित्येक दिवस ठेवून मीठ काढावं लागतं. मडक्याच्या खापरीला मात्र धातूसारखा गंज चढत नाही. चिनी भांड्यांच्या हिरवट झिलईच्या खापऱ्या शतकांनंतरही चमकतात. बहरीनच्या टेकाडात त्या सापडल्या आहेत आणि एवढ्या छोट्या बेटावर चीनचा माल उतरत होता हे त्यांनीच दाखवून दिलं.

जमीन बदलली की टिकणाऱ्या वस्तूही बदलतात. इंग्लंडच्या उत्तर भागात विंडोलांडा इथे रोमन सैन्याची छावणी होती. तिथली माती ओलीचिंब आणि हवाबंद. १९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांना तिथे लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली. त्यातल्या एकात मोजे, पायताणं आणि अंतर्वस्त्रं पाठवल्याचा उल्लेख आहे. चामड्याचे जोडे तर हजारोंनी निघाले. बहरीनच्या कोरड्या, खारट मातीत चामडं आणि कापड उरणं अवघड. तिथे इतिहास वाचायचा तो खापरी, हाडं, कोळसा आणि गिलाव्याच्या पन्हळींतून.

या वाचनात एक फसगत ठरलेली असते आणि ती सैन्यच करून ठेवतं. किल्ल्याभोवती खंदक खणला की कुदळ खालच्या जुन्या थरांत जाते. दिल्मुनच्या काळातली खापरी उपसलेल्या मातीबरोबर वर येते आणि कित्येक शतकांनंतरच्या वस्तूशेजारी पडते. जुन्या भिंतींचे दगडही नव्या तटात बसतात. म्हणून वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोलीवर होती याची नोंद वस्तूइतकीच मोलाची. थर हरवला की ती खापरी केवळ मातीचा तुकडा होते.

आपल्या गडांवर

हे सगळं लिहायचं कारण आपल्या अंगणातच आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी रायगडावरच्या वास्तू पेटल्या. आगीत कोसळलेल्या छपरांखाली, बहरीनच्या त्या कोठारासारखंच, गडावरच्या माणसांचं जगणं दडपलं गेलं. अलीकडच्या उत्खननात तिथे नाणी, भांडी, खापऱ्या निघाल्या आणि २०२१ मध्ये सोन्याची बांगडी मिळाली. वर्तमानपत्रांत छायाचित्र अर्थातच बांगडीचं आलं. मला मात्र त्याच मातीतल्या जळालेल्या दाण्यांची ओढ लागते. गडावर नाचणी किती, तांदूळ किती, तो घाटावरून यायचा की कोकणातून? पावसाळ्यात चार महिने धुक्यात अडकलेली शिबंदी काय खाऊन राहायची? महाराजांच्या मावळ्यांवर आपण इतकं प्रेम करतो, तर त्यांच्या भाकरीबद्दल आपल्याला कुतूहल वाटायला हवं.

दर पावसाळ्यानंतर गडांवर माती धुऊन जाते आणि खापऱ्या, शिशाच्या गोळ्या, फुटक्या बांगड्या उघड्या पडतात. ट्रेकला गेलेली मुलं कौतुकाने त्या खिशात घालतात, घरी कपाटात ठेवतात. त्यांच्या मनात गडाबद्दल मायाच असते. पण उचललेली खापरी थर सोडते आणि थर सुटला की ती मुकी होते. जुन्या वस्तू आणि स्मारकांना आपल्याकडे कायद्याचं संरक्षण आहे, पण प्रत्येक बुरुजावर रखवालदार उभा करता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी गडावर खापरी दिसली तर वाकून नीट पाहा. मुलांना दाखवा, तिची कड कशी वळली आहे, आतून काजळी धरली आहे का. शेजारी नाणं ठेवून तिचा फोटो काढा, जागा लिहून घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. मग खापरी आहे तिथेच ठेवून गड उतरा. काजळी धरलेल्या त्या मडक्यात काय शिजत होतं, हे उद्या कुणीतरी तपासणार आहे.