आंग्रे, कान्होजी

(१६६९ ? – ४ जुलै १७२९). मराठी आरमाराचा प्रमुख सेनानी व कुलाबकर आंग्रे घराण्याचा संस्थापक. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुंबईपासून दक्षिणेकडील कोकण किनाऱ्यावर त्याचे वर्चस्व होते. इंग्रज, पोर्तुगीज व जंजिऱ्याचा सिद्दी या तिन्ही आरमारी सत्तांना त्याने आपल्या हयातीत दाद दिली नाही. मराठी कागदपत्रांत तो ‘सरखेल’ म्हणजे आरमाराचा अधिपती आहे. इंग्रजी कागदपत्रांत मात्र त्याचा निर्देश ‘अँग्रिया’ या नावाने आणि बहुधा चाचा असा येतो. या दोन नावांमधील अंतर हा त्याच्या चरित्रातील एक महत्त्वाचा प्रश्न असून त्याच्या आधुनिक चित्रणातही तो डोकावतो.

घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळील आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. कान्होजीचा पिता तुकोजी हा शिवाजीच्या सेवेत होता व त्याचा सुवर्णदुर्गाशी संबंध होता. हर्णैजवळील या जलदुर्गाला सिद्दीने वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फितूर होत असल्याचे पाहून तरुण कान्होजीने त्याला कैद केले आणि किल्ला राखला, अशी परंपरागत हकीकत आहे. सिधोजी गुजर याच्या मृत्यूनंतर (१६९८) आरमाराची सूत्रे कान्होजीकडे आली. अलिबागसमोरील खडकावरचा कुलाबा किल्ला हे त्याचे प्रमुख ठाणे झाले. ताराबाई व शाहू यांच्या कलहात तो प्रथम ताराबाईच्या पक्षात होता. त्याच्याविरुद्ध धाडलेला शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे यालाच त्याने कैद केले. पुढे पेशवेपदी आलेल्या बाळाजी विश्वनाथाने युद्धाऐवजी वाटाघाटींचा मार्ग स्वीकारला आणि १७१४ च्या तहान्वये कान्होजीने शाहूचे स्वामित्व मान्य केले. सरखेलपद व किनाऱ्यावरील किल्ले त्याच्याकडे राहिले. त्याचा अधिकार एका राजसत्तेच्या मान्यतेवर उभा होता, हे या तहावरून स्पष्ट होते.

त्याच्या आरमाराचे बळ जहाजांच्या आकारात नसून त्यांच्या उपयोगात होते. गुराब व गलबत हे त्यातील दोन मुख्य प्रकार. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यातही चालणारी व नाळेवर तोफा असलेली युद्धनौका होय; गलबत तिच्याहून लहान असून शिडांबरोबर वल्ह्यांनीही चाले. वारा पडला की युरोपीय जहाजे जागच्या जागी खोळंबत. अशा वेळी वल्हवणारी गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस आणीत. तेथे जहाजाच्या बाजूच्या तोफा पोहोचत नसल्याने गुराबा नाळेवरील तोफांचा मारा करीत आणि मग माणसे शत्रूच्या जहाजावर चढत. मोठ्या जहाजांशी खुल्या समुद्रात समोरासमोर लढणे कान्होजीचे आरमार सहसा टाळी आणि प्रसंग पाहून खाड्यांत व किल्ल्यांच्या तोफांच्या आश्रयाला जाई.

इंग्रजांशी असलेल्या वैराचे खरे मूळ दस्तकाच्या पद्धतीत होते. आपल्या ताब्यातील किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलाचा परवाना, म्हणजे दस्तक घ्यावा आणि त्यासाठी ठरलेली रक्कम भरावी, असा कान्होजीचा नियम होता. दस्तक नसलेले जहाज जप्त होई. ही कल्पना त्याची स्वतःची नव्हती. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज याच समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचे परवाने सक्तीने देत आले होते आणि त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. ईस्ट इंडिया कंपनीने आपली जहाजे या नियमातून मुक्त मानली, एवढ्यावर वाद मिटू शकला असता. परंतु हिंदी व्यापाऱ्यांचा मालही इंग्रजी निशाणाखाली जाऊ लागला आणि तोही करमुक्त असावा, असा इंग्रजांचा आग्रह होता. असा माल म्हणजे दस्तक चुकविणारा माल, ही कान्होजीची भूमिका होती.

नोव्हेंबर १७१२ मध्ये त्याच्या नौकांनी मुंबईच्या गव्हर्नरचे ‘अल्जेरीन’ हे जहाज धरले. कारवारच्या वखारीचा नवनियुक्त प्रमुख त्या चकमकीत मारला गेला व त्याची पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी घेऊन पुढील वर्षी तिची मुक्तता झाली आणि तात्पुरता समेटही घडला. चार्ल्स बून गव्हर्नर होऊन आल्यावर मात्र इंग्रजांनी मोहिमांची मालिकाच उघडली. विजयदुर्ग (१७१७), खांदेरी (१७१८) व पुन्हा विजयदुर्ग (१७२०) या तिन्ही स्वाऱ्या फसल्या. अखेरच्या स्वारीसाठी मुंबईत मोठ्या खर्चाने बांधलेल्या ‘फ्रॅम’ नावाच्या तरत्या तोफखान्याचा उपयोग झाला नाही. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे कुलाब्यावर चाल केली. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील चार जहाजांसह कमोडोर मॅथ्यूज या मोहिमेत होता. बाजीराव पेशवा मदतीस आल्याने हीही मोहीम बारगळली. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रज एकाकी पडले.

कान्होजीला चाचा ठरविण्याचे काम याच पराभवांच्या काळात पक्के झाले. या मोहिमांत स्वतः असलेल्या क्लेमंट डाउनिंगच्या १७३७ मधील पुस्तकाच्या शीर्षकातच हे विशेषण आहे. १९०७ मध्ये जॉन बिडुल्फने आंग्र्यांची हकीकत मलबारच्या चाच्यांवरील ग्रंथात घातली. कान्होजीचे उत्तर मात्र त्याच्याच पत्रात सापडते. गव्हर्नर फिप्स याच्याशी १७२४ मध्ये झालेल्या पत्रव्यवहारात त्याने लिहिले, की परक्याची वस्तू घेण्याची इच्छा व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही आणि जगाची रीतच तशी आहे. शिवाजीने चार राजांशी युद्ध करून राज्य स्थापिले, तेव्हा त्या राज्याची सत्ता लुटीवर चालते असे म्हणणे व्यापाऱ्यांना शोभत नाही. हा प्रतिवाद बिनतोड असला, तरी कान्होजीची केवळ वीरपूजा करणे योग्य नाही. त्याच्या जप्तीत सापडलेल्या व्यापाऱ्याला दस्तक व लूट यांतील सूक्ष्म भेदाने फारसे समाधान मिळाले असेल, असे दिसत नाही. त्याच्या नोकरीत काही युरोपीय खलाशीही होते आणि त्यांतील काहींचा पूर्वेतिहास खरोखरीचा चाचेगिरीचा होता.

नौकांचे सामर्थ्य व शत्रूने दिलेले नाव या दोन्ही बाबतींत कान्होजीची तुलना युरोपातील व्हायकिंग नेत्यांशी करता येते. गुथ्रम, हाल्फडान यांसारख्या नेत्यांविषयीचे समकालीन लेखन मुख्यतः त्यांच्या धाडी सोसणाऱ्या ख्रिस्ती मठांतील लेखकांचे आहे. त्यांच्या बाजूच्या गाथा लिहिल्या गेल्या त्या शतकांनंतर. ‘असॅसिन्स क्रीड : व्हॅलहॅला’ (२०२०) या व्हिडिओ गेममध्ये नवव्या शतकातील इंग्लंड दाखविले असून ईव्हॉर या काल्पनिक नायकाभोवती गुथ्रम, हाल्फडान, आयव्हर, उब्बा हे ऐतिहासिक नेते वावरतात. त्यांना मित्र, राज्यकर्ते, संशयग्रस्त माणसे अशी रूपे मिळाली आहेत. आल्फ्रेडकडून ८७८ मध्ये एडिंग्टन येथे पराभूत होऊन बाप्तिस्मा घेणारा गुथ्रम हा त्यांपैकीच एक.

आंग्र्यांच्या वाट्याला असे चित्रण आलेले नाही. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) या युद्धनीतीच्या खेळात १७०० पासूनचा मराठा राज्यसंघ खेळाडूला चालविता येतो, तेथे मराठे ही इतर राज्यांच्या बरोबरीची सत्ता आहे. याउलट ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन : ॲट वर्ल्ड्स एंड’ (२००७) या अमेरिकी चित्रपटात चाच्यांच्या परिषदेत हिंदी महासागराचा अधिपती म्हणून ‘श्री सुंभाजी अँग्रिया’ बसलेला दिसतो. हे नाव कान्होजीचा पुत्र संभाजी याचेच. मार्शल मनेश या अभिनेत्याने साकारलेली ही व्यक्तिरेखा जवळजवळ सर्व काळ मौन पाळते व तिच्या वतीने सेवकच बोलतात. खुद्द संभाजी हा सरखेल होता आणि त्याची राजकीय पत्रे उपलब्ध आहेत, हे प्रेक्षकाला त्यातून कळण्याचा संभव नाही.

कान्होजीच्या मृत्यूनंतर ज्येष्ठ पुत्र सेखोजी १७३३ पर्यंत सरखेल होता. नंतर मानाजी कुलाब्यास व संभाजी दक्षिणेकडील किल्ल्यांवर असा घराण्याचा दुभंग झाला. संभाजीच्या मागून आलेल्या तुळाजीचे नानासाहेब पेशव्याशी बिनसले. पेशव्याने इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग व फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात विजयदुर्ग पडला. तेथे नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळाले. ज्या किल्ल्यासमोर बूनच्या दोन मोहिमा फसल्या होत्या, तो मराठ्यांच्याच साहाय्याने इंग्रजांच्या हाती गेला.

कान्होजीची समाधी अलिबाग येथे आहे. भारतीय नौदलाच्या मुंबईतील किनारी तळास १९५१ मध्ये ‘आंग्रे’ हे नाव देण्यात आले. खांदेरी बेटाचे १९९८ मध्ये ‘कान्होजी आंग्रे बेट’ असे नामकरण झाले.