आधी हिशेब, मग निर्णय

पावसाळा सरला की हिवरे बाजार या गावाची ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडायला बसते. किती पाऊस पडला, किती मुरला, विहिरींची पातळी कुठवर आली, हे सगळ्यांसमोर वाचून दाखवले जाते. माणसांना आणि जनावरांना पिण्यापुरते पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीचे नियोजन करायचे, हा तिथला क्रम. पाऊस कमी असेल तर जास्त पाणी पिणाऱ्या पिकांचे क्षेत्र घटते. ऊस, केळी आणि शेतीसाठी बोअर यांवर तर गावाने बंदीच घातली आहे. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरसारखा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस हे प्रतिष्ठेचे पीक ठरले, तिथे अवर्षणग्रस्त गावाने स्वतःहून उसाला नकार द्यावा, ही मोठी राजकीय घटना आहे.

हा नकार टिकला, कारण निर्णयाआधी सर्वांना तेच आकडे मिळतात, निर्णयाची झळ ज्यांना बसणार तेच तो घेतात आणि पुढच्या वर्षी त्याच विहिरी त्याची परीक्षा घेतात. आयर्लंडने 2016 मध्ये हीच वाट वेगळ्या रीतीने चोखाळली. चिठ्ठीसारख्या यादृच्छिक निवडीने 99 नागरिक घेतले, त्यांना तज्ज्ञांचे म्हणणे ऐकवले, आपसांत चर्चा करू दिली. गर्भपाताच्या प्रश्नावर त्यांनी बदलाची शिफारस केली आणि 2018 च्या सार्वमतात जनतेने बदलाला कौल दिला.

हिवरे बाजारची किमया 1989 पासून गावाचे नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांची आहे, बाकीच्या गावांनी असा माणूस कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले, तरी अनेक गावांत ती कोरमअभावी तहकूब होते. पण नेता सुरुवात करून देतो. उघडा हिशेब त्यालाही प्रश्न विचारण्याची सोय करतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट आणि सर्वसहमतीच्या बळावर कारभार चालवून दाखवला आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: सभा सर्वांची असली तरी तिथे बोलतो तो जमीनदार पुरुष. महिलांची वेगळी सभा आधी घेण्याची कायद्यातली तरतूद म्हणूनच मनापासून पाळली पाहिजे, आणि भूमिहीनाच्या मजुरीचा प्रश्नही पीकनियोजनाच्या चर्चेत आला पाहिजे.

गावापुरते ठीक, जिल्ह्याचे काय? मुळा आणि भंडारदरा धरणांच्या पाण्याच्या आवर्तनांवरून होणारे वाद एका गावच्या सभेत सुटणारे नाहीत. इथेच चिठ्ठीची पद्धत कामाला येईल. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी लाभक्षेत्रातून, मुखापासून शेपटापर्यंत, शेतकरी, शेतमजूर आणि गृहिणी चिठ्ठीने निवडाव्यात. त्यांना बुडालेल्या दिवसाची मजुरी, धरणसाठ्याचे आकडे आणि अभियंत्यांची उलटतपासणी करण्याचा हक्क द्यावा. त्यांची शिफारस नाकारायची असेल तर समितीने कारणे लेखी जाहीर करावीत. लोकांना कठीण निर्णय पेलत नाहीत, असे म्हणण्याआधी त्यांच्यापुढे पूर्ण हिशेब ठेवून पाहावा. हिवरे बाजारने पाण्यासारख्या भांडणाच्या विषयात असा निर्णय पेलून दाखवला आहे.