टोकियोचं वार्तापत्र : आजारपणाचा खाडा नाही

नोव्हेंबर सरत आला, थंडी अंगात शिरू लागली, की जपानमधल्या शाळांकडून घरी येणाऱ्या पत्रकांत एक शब्द हमखास दिसू लागतो : नोरो. नोरोव्हायरस हा पोटाचा विषाणू. त्याचा मुक्काम फेब्रुवारीपर्यंत तरी हलत नाही. आपल्याकडे गॅस्ट्रो म्हटलं की पावसाळा आणि गढूळ पाणी आठवतं. इथेही उन्हाळ्यात अन्नातल्या जिवाणूंची धास्ती असते, पण उलट्या-जुलाबांनी वर्गच्या वर्ग रिकामे होतात ते हिवाळ्यात. थंडीत हा विषाणू जास्त काळ तग धरतो, खिडक्या बंद असतात, आणि लागण व्हायला त्याचे मोजके कणही पुरतात. हाताला चोळायच्या अल्कोहोलला तो फारशी दाद देत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुणं हाच खरा उपाय.

वर्गात एखादं मूल ओकलं तर काय करायचं, हे शिक्षकांना आधीच शिकवलेलं असतं. बाकीच्या मुलांना लांब न्यायचं, खिडक्या उघडायच्या. हातमोजे, मास्क, एप्रन चढवायचा. उलटीवर कागद पसरून त्यावर पाण्यात मिसळलेलं ब्लीच ओतायचं, प्रमाण ०.१ टक्का. मग पुसायचं ते बाहेरून आत, म्हणजे घाण पसरत नाही. सगळं दुहेरी पिशवीत बांधून टाकायचं. हे सामान एका बादलीत भरून आधीच तयार ठेवलेलं असतं. जेवणाच्या वाडग्यात उलटी झाली असेल, तर तो वाडगाही ब्लीचमध्ये बुडवल्याशिवाय स्वयंपाकघरात परत जात नाही. ओकणाऱ्या मुलावर कुणी खेकसत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

शाळेच्या जेवणावरचा पहारा तर याहून कडक. १९९६च्या जुलैत ओसाकाजवळच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ओ-१५७ या जिवाणूची बाधा झाली. हजारो मुलं आजारी पडली, काही दगावली. त्यानंतर नियम आवळले गेले. स्वयंपाक करणाऱ्यांच्या शौचाची तपासणी महिन्यातून दोनदा होते. मुलांच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापक किंवा दुसरी जबाबदार व्यक्ती तेच जेवण जेवून पाहते. कच्चा माल आणि शिजलेला पदार्थ, दोन्हींचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे नमुने उणे २० अंशांवर दोन आठवडे जपून ठेवतात. वाढपी मुलंच असतात, पांढरा अंगरखा, टोपी आणि मास्क लावून. पण पोट बिघडलेल्या मुलाला त्या दिवशी वाढायला उभं करत नाहीत. (आपल्या शालेय पोषण आहारातही आधी शिक्षकांनी चाखून पाहायचा नियम आहे. तो कसोशीने पाळला जावा.)

एवढं करूनही नोरो शिरतोच. जानेवारी २०१४मध्ये हामामात्सु शहरात हजाराहून अधिक जणांना बाधा झाली, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं. कारण निघालं शाळांना पुरवलेला पाव. भाजताना विषाणू मेला असणारच. पण भाजल्यावर पावाच्या कापांना हात लागले होते. फेब्रुवारी २०१७मध्ये टोकियोच्या ताचिकावा भागात सात शाळांतले हजारावर जण आजारी पडले. तिथे दोषी ठरली ती भातावर भुरभुरायची नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. कोरड्या ठणठणीत पदार्थावरही हा विषाणू टिकून राहतो. शिवाय उलट्या थांबल्या, माणूस हिंडू-फिरू लागला, तरी पुढे काही आठवडे तो शौचावाटे बाहेर पडत राहतो.

म्हणूनच आजारी मुलाने घरी राहणं महत्त्वाचं. शाळेच्या आरोग्य-सुरक्षेच्या कायद्याचं १९वं कलम मुख्याध्यापकांना संसर्गजन्य आजार झालेल्या मुलाची हजेरी थांबवायचा अधिकार देतं. असे दिवस हजेरीपटावर गैरहजेरीत धरत नाहीत. विसाव्या कलमाने अख्खा वर्ग किंवा शाळा काही दिवस बंद ठेवता येते. नोरोच्या बाबतीत किती दिवस थांबायचं हे डॉक्टरांच्या सल्ल्यावर ठरतं, पण मुख्याध्यापकांनी हजेरी थांबवली, तर मुलाच्या नावावर खाडा पडत नाही. मला या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. ब्लीच कुठेही विकत मिळतं. पण खाड्याची भीती असेल, तर पोट दाबून शाळेत येणाऱ्या मुलाला कोण अडवणार?

उणीव आहे ती आईबापांच्या बाजूला. मुलाच्या आजारपणासाठी कायद्याने वर्षाला पाच दिवस रजा मिळते, दोन किंवा अधिक मुलं असली तर दहा. एप्रिल २०२५पासून ती तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी लागू झाली आणि वर्ग बंद ठेवला गेला तरी घेता येते. मात्र त्या दिवसांचा पगार द्यायची सक्ती मालकावर नाही. तासावारी मजुरीवरच्या आईसाठी ही रजा कागदावरच राहते.

महाराष्ट्रातल्या मुख्याध्यापकांना एक विनंती. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस तुमच्या शाळेत असेल, तर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी त्याच्या नियमांत एक ओळ घाला : उलट्या-जुलाबांमुळे घरी राहिलेला दिवस गैरहजेरी मानला जाणार नाही.