चोवीसजणींची लेझीम

लेझीम हा मूळचा फारसी शब्द. तालमीत ताकद वाढवायला लोखंडी साखळीचं धनुष्य ओढत, त्याचं हे नाव. आपल्याकडे तिला चकत्या लागल्या, हलगीची साथ मिळाली आणि ती मिरवणुकीत आली. सोलापुरात लेझमीशिवाय गणपती निघतच नाही. पण आमच्या लहानपणी ती पोरांच्या हाती. आम्ही मुली कठड्यावरून बघणार!

१९८२ साली दिल्लीच्या एशियाडमध्ये सांगलीकरांची लेझीम झाली. मग आमच्या शाळेतल्या बाईंनाही हुरूप आला. मुलींचा संघ निघाला. चोवीसजणी, बारा जोड्या. 'चार आवाज', 'दोन रुख' घोटून घोटून हाताला घट्टे पडले. लेझमीत एकटीची शाबासकी नसते. एक हात चुकला की सगळी रांग विस्कटते.

माझी जोडीदारीण पूर्व भागातली, तेलुगू घरातली. आई विड्या वळायची. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आणि पोरगी यायचीच बंद झाली. बाई घरी गेल्या तर आई म्हणाली, "हजार विड्या तुमची लेझीम वळणार का, बाई?" खरंच होतं. मजुरी हजारावर मिळायची. विडी नीट नसली तर कारखान्यात छाट जायची, तिचे पैसे नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौघी शाळा सुटली की तिच्या ओट्यावर. वळायचं काम आम्हाला कोण देणार? पत्र्याचं माप ठेवून पानं कापायची, एवढंच. माझी आई कुरकुरायची, "फ्रॉकला तंबाखूचा वास येतोय." पण जा नको असं कधी म्हणाली नाही. आठवड्याने त्या माउलीनेच लेकीच्या हातातलं सूप काढून घेतलं. "पाच वाजले. जा."

आमचा दुसरा नंबर आला. मैदानाच्या कडेला ती माउली उभी होती, पदराने डोळे पुसत. दहावीनंतर जोडीदारणीचं लग्न झालं, ती भिवंडीला गेली. अजून फोनवर आधी 'चार आवाज' मोजते, मग बोलते.

२०१४ च्या प्रजासत्ताक दिनी सांगलीत सात हजारांवर जणांनी एकत्र लेझीम खेळून विक्रम केला. आता सोलापूरच्या मिरवणुकांतही मुली दिमाखात खेळतात. बघून ऊर भरून येतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीतल्या एखादीचा खेळ घरकामापायी सुटत असेल, तर तिला नुसतं "जा गं, खेळ" म्हणू नका. घटकाभर तिची पानं कापायला बसा.